ऑनलाइन गेम अडखळतो तेव्हा आधी काय मोजावे

आपण दिलेली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशावर आधारलेले आहे ते स्पष्ट राहील. आपण सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या शेजारी असलेल्या दुमजली घरात राहता. फायबरची जोडणी आणि राउटर तळमजल्यावर आहेत. संगणक वरच्या खोलीत, टेबलाच्या बंद खणात आहे आणि तो मागच्या बाजूला लावलेल्या छोट्या यूएसबी वायफाय डोंगलवर (वायफाय पकडणाऱ्या छोट्या उपकरणावर) चालतो. त्यात इंटेल कोअर आय-फाइव्ह १०४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी आहे. घरात वायफायवर चालणारे दोन सीसीटीव्ही कॅमेरे आहेत. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळताना समोरचे खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे दिसतात आणि नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही. शिवाय उन्हाळा सुरू झाल्यापासून अर्धा तास खेळल्यावर चित्रच अडकत अडकत चालते आणि हे भर दुपारीही होते. ५० एमबीपीएसचा प्लॅन २०० एमबीपीएसचा करून घेतला, तरी फरक पडला नाही. आता दुकानदार नवे ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणत आहेत, तर ते घ्यावे का, असा आपला प्रश्न आहे.

तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी सोलापुरातच संगणक दुरुस्तीचे आणि घरगुती नेटवर्क जोडणीचे काम करतो आणि आपल्या वर्णनात मला दोन वेगवेगळे दोष दिसतात. रात्रीचा दोष नेटवर्कचा आहे आणि तो बहुधा आपल्या घरातच आहे. दुपारचा दोष संगणक तापण्याचा आहे. दोन्हींना आपण ‘लॅग’ हे एकच नाव देत आहात, त्यामुळे एका दोषावर केलेला उपाय दुसऱ्या दोषामुळे वाया गेल्यासारखा वाटतो. अर्थात घर न पाहता केलेले हे निदान आहे. भिंती किती जाड आहेत, शेजाऱ्यांचे किती राउटर आसपास आहेत, आपल्या गल्लीतील फायबरची स्थिती कशी आहे, यांवर बरेच अवलंबून असते. म्हणून माझ्या अंदाजावर विसंबून न राहता मोजमाप करावे; त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

पहिली विभागणी अशी करावी. संगणक दर सेकंदाला जितकी चित्रे तयार करतो त्याला एफपीएस म्हणतात. ६० एफपीएस असतील तर एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ असतील तर सुमारे ७ मिलिसेकंद. एखादे चित्र तयार व्हायला ५० मिलिसेकंद लागले की पडदा अडकल्यासारखा दिसतो, माउस जड वाटतो आणि सगळेच दृश्य एकदम थबकते. याउलट नेटवर्कचा उशीर असेल तेव्हा आपले स्वतःचे हालणे, वळणे, माउस फिरवणे अगदी सुरळीत चालते. फक्त बाकीचे खेळाडू उड्या मारतात आणि गोळीचा परिणाम उशिरा दिसतो किंवा दिसतच नाही. हा फरक डोळ्यांनीही ओळखता येतो, परंतु व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ विभागातील ‘स्टॅट्स’ या पानावर एफपीएस, नेटवर्क आरटीटी (माहिती सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेल्या पॅकेटचे, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांचे प्रमाण) हे तिन्ही आकडे पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. त्यांचा आलेख चालू ठेवून एकदा दुपारी आणि एकदा रात्री खेळावे. अडखळण्याच्या क्षणी कोणता आलेख उसळतो, हे पाहिले की निम्मा प्रश्न सुटतो.

प्लॅन वाढवूनही फरक का पडला नाही, हे समजून घेतले तर पुढचा खर्च टळेल. अशा गेमला चालताना साधारण एक एमबीपीएसच्या आसपास किंवा त्याहूनही कमी क्षमता पुरते. ५० एमबीपीएस आधीच भरपूर होते. गेमला महत्त्वाचे असते ते माहितीला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजेच पिंग, आणि तो वेळ स्थिर राहणे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर धरले, तर जाऊन येण्यास केवळ ४ मिलिसेकंद लागतात. मधली उपकरणे आणि वळणाचा मार्ग धरूनही मुंबईच्या सर्व्हरशी १५ ते ३० मिलिसेकंदांचा पिंग मिळणे ही रास्त अपेक्षा आहे. सिंगापूरचा सर्व्हर निवडलेला असेल तर एकट्या अंतरापोटीच सुमारे ४० मिलिसेकंद जातात आणि प्रत्यक्षात आकडा त्याहून बराच मोठा दिसतो. म्हणून गेममध्ये मुंबईचाच सर्व्हर निवडलेला आहे ना, ते आधी पाहावे. आपला पिंग एरवी २८ असतो आणि रात्री १८० पर्यंत उसळतो, असे आपण लिहिले आहे. अंतर दिवसा आणि रात्री सारखेच असते, तेव्हा ही उसळी वाटेत कुठेतरी माहिती ताटकळत राहिल्यामुळे आहे.

ती कुठे ताटकळते हे शोधण्यासाठी मी प्रत्येक घरात हीच चाचणी आधी करतो. विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर आपल्या राउटरचा पत्ता दिसतो. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा तशाच धर्तीचा असतो. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडाव्यात. पहिलीत ‘पिंग’, त्यापुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी ‘-टी’ अशी आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. दुसरीत तीच आज्ञा गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्यासाठी द्यावी. दोन्ही चालू ठेवून रात्री नऊनंतर गेम खेळावा आणि अडखळले की लगेच दोन्ही खिडक्या पाहाव्यात. राउटरचेच उत्तर ८० किंवा १५० मिलिसेकंदांनी येत असेल, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे दिसत असेल, तर दोष राउटर आणि संगणक यांच्या मधल्या वायफायमध्ये आहे. अशा वेळी कंपनीकडे तक्रार करून काहीही साधणार नाही. राउटरचे उत्तर स्थिर आणि बाहेरचे मात्र उसळत असेल, तर दोष राउटरच्या पलीकडे, किंवा राउटरवर पडणाऱ्या घरातल्याच भारात आहे. चांगल्या वायफायवर राउटरचे उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत आणि केबलवर एका मिलिसेकंदाच्या आत येते.

आपल्या घरात पहिली खिडकीच उसळेल, असा माझा अंदाज आहे आणि त्याचे कारण ते डोंगल आहे. ते संगणकाच्या मागे, लोखंडी पत्र्याला आणि भिंतीला चिकटून बसलेले असते, म्हणजे राउटरकडून येणारा सिग्नल पत्र्याच्या आड अडतो. त्यातही ते निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत असेल, तर आणखी एक अडचण येते. यूएसबी ३ ची खाच आणि तिच्यावर चालणारी उपकरणे काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच विद्युत गोंगाट निर्माण करतात. वायफायचा तोच पट्टा शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही वापरतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि दाट वस्तीत रात्री सगळे घरी आल्यावर त्या तिघांवर गर्दी होते. संध्याकाळी काम बिघडते आणि पहाटे सुरळीत चालते, याचे हेच सर्वांत नेहमीचे कारण मला आढळते. तात्पुरता उपाय म्हणून मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर उघड्या जागी ठेवावे, आणि डोंगल व राउटर दोन्ही ५ गिगाहर्ट्झवर चालत असतील तर तो पट्टा निवडावा. मात्र ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल स्लॅब आणि जाड भिंतींतून लवकर क्षीण होतो. वरच्या खोलीत तो पुरेसा पोहोचेल की नाही हे घराच्या बांधणीवर ठरेल.

खरा उपाय केबलचा आहे, आणि जिन्याच्या कडेने ती वर नेणे शक्य असेल तर बाकी कशाचाही विचार करण्याआधी मी तेच करण्यास सांगेन. कॅट-६ किंवा कॅट-५ई प्रकारची, शुद्ध तांब्याची केबल मागावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही त्याच नावाने मिळते. ती वाकवताना तुटते आणि तिचे जोड काही महिन्यांत सैल होतात. १०० मीटरपर्यंत चांगली केबल एक गिगाबिट नेते, आणि आपले अंतर त्याच्या जवळपासही नाही. दोन्ही टोकांचे क्रिम्पिंग (तारा कनेक्टरमध्ये दाबून बसवणे) एकाच रंगक्रमाने करून घ्यावे. नंतर विंडोजमध्ये लिंकचा वेग पाहावा. संगणक आणि राउटर दोन्हींचे पोर्ट गिगाबिटचे असूनही तो १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर आठपैकी एखादी तार जोडात नीट बसलेली नाही असे समजावे, कारण १०० ला चार तारा पुरतात आणि गिगाबिटला आठही लागतात. केबल घराबाहेरून, गच्चीवरून न्यावी लागत असेल तर मात्र थांबावे. वळवाच्या पावसातील विजा अशा उघड्या तांब्याच्या तारेतून राउटर आणि मदरबोर्ड दोन्ही जाळून टाकतात.

पहिली खिडकी शांत राहिली आणि दुसरी उसळली, तर कंपनीला फोन करण्याआधी घरातील अपलोड तपासावे. रात्री सगळे घरी येतात, मोबाइल चार्जिंगला लागतात आणि दिवसभराचे फोटो व व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढू लागतात. कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटवर साठवले जात असेल तर त्याची भर पडते. अपलोडची क्षमता पूर्ण भरली की राउटर येणारी माहिती टाकून न देता साठवत राहतो, आणि गेमची चिमुकली पॅकेट त्या साठ्याच्या मागे उभी राहतात. त्यामुळे २८ चा पिंग काही क्षणांत शेकड्यांत जातो. चाचणी सोपी आहे. दुसरी खिडकी चालू ठेवून मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोड करावा. पिंग लगेच चढला आणि अपलोड थांबवताच उतरला, तर कारण सापडले. फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतरचा ठेवावा. विंडोज अपडेटमधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ बंद करावे, कारण त्यातून आपला संगणक इतरांच्या संगणकांना अपडेटचे भाग पुरवत असू शकतो. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणत्या माहितीला किती वाट द्यायची हे ठरवण्याची, सोय असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावी. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते किंवा अर्धवट असते. कॅमेऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गेटजवळचा कॅमेरा दुरून, क्षीण सिग्नलवर बोलतो, त्यामुळे थोडीशी माहिती पाठवायलाही तो वायफायचा बराच वेळ व्यापतो. केबलवर गेलात की संगणकापुरता हा त्रास राहत नाही.

हे सगळे करूनही, केबलवर आणि घरात दुसरे काही चालू नसताना, बाहेरचा पिंग रात्री उसळत असेल, तेव्हाच दोष बाहेरच्या लाइनचा आहे असे म्हणता येते. अशा वेळी ‘नेट स्लो आहे’ अशी तक्रार करू नये, कारण तंत्रज्ञ येऊन स्पीड टेस्ट दाखवतो आणि निघून जातो. पहाटेच्या आणि रात्रीच्या पिंगचे, केबलवर घेतलेले स्क्रीनशॉट द्यावेत आणि फायबरची रिसीव्ह पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, मोजून मागावी. घरगुती जोडणीत हा आकडा उणे २७ डीबीएमपेक्षा खाली गेला की चुका वाढतात. उणे १८ ते २३ च्या दरम्यान असेल तर निश्चिंत राहावे. सोफ्यामागे दुमडलेली फायबर किंवा धूळ बसलेले हिरवे कनेक्टर एवढ्यानेही हा आकडा घसरतो. ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा देऊन मार्गही पाहावा. मुंबईला जाणारी माहिती हैदराबाद किंवा चेन्नईमार्गे फिरून जात असेल तर ते तिथे दिसू शकते, आणि तो प्रश्न फक्त कंपनीच सोडवू शकते. मधल्या एखाद्या ओळीत चांदण्या (*) दिसल्या म्हणून घाबरू नये. कित्येक उपकरणे अशा विचारणेला उत्तरच देत नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत पॅकेट हरवत असतील तरच तो दोष मानावा.

आता दुपारच्या अडखळण्याकडे वळतो. आपल्या लिहिण्यातील ‘अर्धा तास खेळल्यावर’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीचे असते तर गेम पहिल्या मिनिटापासून संथ चालला असता. थोड्या वेळाने बिघडणे हे तापण्याचे लक्षण आहे. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो, आणि खोली जितक्या अंशांनी तापते जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. सर्व कोअर कामात असताना त्याचा वेग ४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. टास्क मॅनेजरमध्ये हा वेग आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तापमान, असे दोन्ही खेळताना पाहावे. तापमान शंभरीला टेकले आणि त्याच क्षणी वेग कोसळला, तर शंका उरत नाही.

यंत्रमागांच्या भागातून येणारे संगणक मी उघडतो तेव्हा त्यांत एक गोष्ट हमखास सापडते. हवेतील सुताचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांच्या तोंडावर अडकतात. त्यांवर धूळ बसते आणि दाट थर तयार होतो. हा थर पंखा आणि पाती यांच्या मधोमध असल्याने वरून पंखा स्वच्छ आणि फिरता दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पंखा सोडवून थर चिमटीत धरला तर घोंगडीच्या तुकड्यासारखा तो अख्खा उचलून येतो. त्यामागची पाती जवळजवळ कोरी असतात, म्हणजे हवा तिथपर्यंत जातच नव्हती. म्हणून नुसता वरून ब्लोअर मारून घेणे आपल्या बाबतीत पुरेसे नाही. संगणक बंद करून, वायर काढून, गच्चीत किंवा अंगणात न्यावा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवावेत, कारण वाऱ्याने भरधाव फिरले तर त्यांचे बेअरिंग खराब होते. ग्राफिक्स कार्डचा आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याचा, पंखाही बाहेरूनच ब्लोअरने साफ करावा. एसएमपीएस मात्र कधीही उघडू नये. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळून भुगा झालेली असेल तर पुसून नवी लावावी. इंटेलचा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो आणि त्यांतली एक जरी अर्धवट बसली तरी कूलर एका बाजूने उचललेला राहतो. बसवल्यावर मदरबोर्डच्या मागून चारही खुंट्यांची टोके पूर्ण बाहेर आली आहेत का, ते पाहावे.

संगणक टेबलाच्या त्या बंद खणातून बाहेर काढावा. मागे भिंत आणि पुढे दार असलेल्या खणात तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत ओढत राहतो. बाहेर काढून मागे वीतभर मोकळी जागा ठेवल्यानेही तापमानात लक्षणीय फरक पडतो. पाण्याच्या कूलरचा झोत थेट संगणकावर मात्र सोडू नये; दमट हवेने आतले तंतू अधिकच चिकटतात.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. १६ जीबीची एकच पट्टी असल्याने रॅम एकाच चॅनेलवर चालते आणि ऐन धुमश्चक्रीत एफपीएस खाली येतात. तशीच दुसरी पट्टी, मदरबोर्डवर दाखवलेल्या योग्य खाचेत बसवली तर खेळणे अधिक समतोल होईल. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर राहिलेला नाही ना, ते तपासावे. व्ही-सिंक (चित्रे मॉनिटरच्या गतीला बांधणारी सोय) बंद ठेवावे. ‘गेम बूस्टर’ प्रकारचे प्रोग्राम टाकू नयेत. ते स्वतःच मेमरी व्यापतात. डीएनएस बदलल्याने गेमच्या पिंगमध्ये फरक पडत नाही, कारण डीएनएसचे काम सर्व्हरचा पत्ता शोधून देण्यापुरतेच असते. व्हीपीएनचा, म्हणजे माहिती दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवेचा, उपयोग फक्त कंपनीचा मार्ग वेडावाकडा असेल तेव्हाच होतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल मी इतक्या ठामपणे नको म्हणतो, कारण व्हॅलोरंट हा गेम कार्डापेक्षा प्रोसेसरवर अधिक अवलंबून असतो आणि जीटीएक्स १६५० त्याला सहज पुरते. नवे कार्ड अधिक वीज घेते, अधिक तापते, आणि कदाचित नवा एसएमपीएसही मागते. कोंडलेल्या खणात ते बसवले तर दुपारचा त्रास वाढेल आणि रात्रीचा तसाच राहील. पुढे नवे, जड ग्राफिक्सचे गेम खेळायचे असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा आपले बजेट आणि एसएमपीएसचे वॉट सांगावेत, त्यावर स्वतंत्रपणे लिहीन. सध्या सफाई आणि केबल ही दोन कामे करून रात्री नऊनंतरचे राउटरचे पिंग, बाहेरचे पिंग, आणि अर्ध्या तासानंतरचे प्रोसेसरचे तापमान व वेग एवढे आकडे कळवावेत.